दीर्घ फ्रेंच शब्द : अक्षरविभागणी आणि उच्चार

प्रतीकवादापासून संरचनावादापर्यंतच्या फ्रेंच विचारांची ओळख मराठी समीक्षेला बव्हंशी इंग्रजीच्या द्वारे झाली. साहजिकच फ्रेंच नावे व संज्ञा आपण इंग्रजी वळणानेच वाचतो. ही बाब केवळ शिष्ट उच्चाराची नाही. फ्रेंच वृत्त अक्षरसंख्येवर उभे असते. शब्दाची फोड चुकली की ओळीचे मापही चुकते. ही फोड करण्याचे साधन मात्र मराठी वाचकाजवळ आधीपासूनच आहे.

लेखी अक्षर आणि उच्चारी अक्षर हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा. मुंबई मेट्रोच्या 2014 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या मार्गावरील दोन स्थानके पाहा. 'साकीनाका' या नावात लेखी अक्षरे चार आणि उच्चारीही चारच : सा-की-ना-का. 'घाटकोपर' लिहिताना अक्षरे पाच, बोलताना मात्र तीन : घाट्-को-पर्. 'ट' आणि 'र' यांतील अकार बोलण्यात लोपतो.

फ्रेंचमध्येही असेच घडते. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील स्वराकडे जाते. दोन व्यंजने असल्यास ती सामान्यतः विभागली जातात, परंतु दुसरे 'र' वा 'ल' असल्यास बहुधा जोडीने पुढे जातात. शब्दान्तीची व्यंजने पुष्कळदा मूक असतात आणि आघात शेवटच्या उच्चारी अक्षरावर येतो.

'घटनाविरोधी रीतीने' या अर्थाचा, दीर्घतेसाठी प्रसिद्ध असलेला 25 वर्णांचा फ्रेंच शब्द या नियमांनी सहज फुटतो : आँ-ती-कोँस्-ती-त्यू-स्यो-नेल्-माँ. उच्चारी अक्षरे आठच. येथील चंद्रबिंदू शुद्ध अनुनासिक स्वर दाखवतो. 'आन्ती' असा नकार उच्चारू नये. सहाव्या अक्षरात मात्र अनुनासिक नाही, कारण तेथे दुहेरी 'न'च्या पुढे स्वर आला आहे. 'त्यू' हे केवळ जवळचे लेखन आहे : जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करावेत.

याच शब्दात 'नेल्' आणि 'माँ' यांच्यामध्ये एक दुर्बळ, अकारसदृश स्वर लिहिलेला असतो. तो बोलताना गळतो. पद्यात मात्र पुढे व्यंजन असल्यामुळे मोजला जातो. 'बोदलेअर' असे आपण पुष्कळदा लिहितो ते नाव बोलण्यात बोद्-लेर् असे दोन अक्षरी आहे, तर पारंपरिक पद्यात बो-द-लेर् असे तीन अक्षरी. बारा अक्षरांची अलेक्झांद्रीन ओळ बोलीच्या हिशेबाने मोजली, तर ती आखूड भासते ती यामुळे.

मराठी अभ्यासकाला हे नवे वाटू नये. मोठ्या अभंगाची 6, 6, 6, 4 ही अक्षरे मोजताना बोलण्यात लोपणारा अकार आपण हिशेबात धरतोच. त्या मोजणीत 'घाटकोपर' पाच अक्षरीच ठरेल. बोलीचे माप आणि पद्याचे माप वेगळे असू शकते, ही जाण अभंगाने आपल्याला दिली आहे. फ्रेंच कविता वर्गात वाचताना इंग्रजी स्पेलिंगपेक्षा तीच अधिक उपयोगी पडेल.