इंजिनाच्या तेलगाळणीची गळती

मुंबईत वडाळा येथे मालमोटारींचा मोठा तळ आहे. बाहेरगावची वाहने तेथे विसावतात आणि रस्त्याच्या कडेला मिस्त्री त्यांची लहानमोठी दुरुस्ती करून देतात. अशा तळावर जमिनीकडे पाहत चालले की काळ्या तेलाचे डाग जागोजाग दिसतात. काही डाग जुने, धुळीने बुजलेले असतात. जो डाग ताजा व ओला आहे, त्याच्या वरच्या वाहनाकडे मात्र चालकाने प्रवासास निघण्यापूर्वी अवश्य लक्ष द्यावयास हवे. ट्रॅक्टरची आणि फुले-भाजीपाला घेऊन रात्री मुंबईकडे निघणाऱ्या पिकअप गाडीची गोष्ट याहून वेगळी नाही. थेंब थेंब गळणारे तेल अंगणात क्षुल्लक वाटते. कसारा घाटात भरल्या गाडीचा तांबडा दिवा लागला म्हणजे त्याचे मोल कळते.

ही गळती पुष्कळदा तेलगाळणीच्या, म्हणजे ऑइल फिल्टरच्या, गॅस्केटमधून होते. गाळणीची रचना समजली की गळतीचे कारणही समजते. इंजिनाच्या तळातील तेल पंप वर ओढतो व दाबाने गाळणीत लोटतो. गाळणीच्या तोंडाशी कडेने लहान भोके असतात, त्यांतून तेल आत शिरते. आतील कागदातून गाळून ते मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनात परत जाते. हा सर्व दाब बाहेर फुटू नये म्हणून तोंडाभोवती रबराचे एकच कडे बसविलेले असते. तेच गॅस्केट होय.

पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत गाळणीतून तेलाचा थोडाच भाग फिरविला जाई. १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाल्यावर विकास गटांकडे ज्या जीपगाड्या आल्या, त्यांची गाळणी झाकण व मधल्या बोल्टाची, अशाच पद्धतीची होती. आजच्या इंजिनांत बेअरिंगांकडे जाणारे सर्व तेल गाळणीतून जाते. म्हणून आज गॅस्केट पूर्ण निसटले तर सर्व तेल थोड्या मिनिटांत रस्त्यावर सांडते आणि इंजिन धरते. क्रँक, बेअरिंगे व दट्टे यांचा खर्च एका गाळणीच्या किमतीशी ताडून पाहावा.

गाळणी बदलताना सर्वांत अधिक घडणारी चूक कोणती? जुने गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहते. उष्णतेने ते कडक होऊन बैठकीला घट्ट बसते, काळ्या धातूवर काळे रबर डोळ्यांना दिसत नाही, आणि नवी गाळणी त्याच्यावरच चढविली जाते. दोन रबरे एकमेकांवर बसली की प्रारंभी गळत नाही. सकाळी थंड इंजिन चालू करताना तेल दाट असल्याने दाब वाढतो, तेव्हा ती घसरतात. म्हणून जुनी गाळणी काढताच तिच्या तोंडाकडे पाहावे. कडे तेथे नसेल तर ते इंजिनावर आहे, असे समजून बोटाने चाचपावे.

दुसरी चूक गॅस्केट कोरडे बसविण्याची. कोरडे रबर फिरविताना ओढले जाते, मुरडते आणि एका जागी पातळ पडते. नव्या तेलाचे बोट त्यावर फिरविले की ते सहज सरकते. बैठक स्वच्छ चिंधीने पुसावी. चिंधीचा धागा किंवा वाळूचा एक कणही गळतीस पुरेसा असतो. नंतर गाळणी हाताने फिरवीत न्यावी. गॅस्केट बैठकीला टेकल्यावर बहुधा पाऊण ते एक फेरा आवळणे पुरते. मात्र गाळणीच्या डब्यावर जी सूचना छापलेली असेल, तीच प्रमाण मानावी. पाना काढण्यासाठी वापरावा, आवळण्यासाठी नव्हे. गळू लागले की आणखी आवळणे हा उपाय चालक मोठ्या हौसेने करतात. त्याने रबर चिरडते, आणि पुढच्या वेळी गाळणी निघता निघत नाही.

सायकलच्या ट्यूबचे कडे कापून बसविण्याची चाल खेड्यात अजून आढळते. युक्ती चतुराईची असली तरी येथे ती उपयोगी नाही. ट्यूबमधील साधे रबर खनिज तेलात फुगते व मऊ पडते. गाळणीचे गॅस्केट तेल सोसणाऱ्या निराळ्या रबराचे असते. लाख किंवा चिकट लुकण लावणेही तितकेच व्यर्थ. दिसायला सारख्या गाळण्यांचे आटे व कड्याचा व्यास वेगळा असू शकतो. म्हणून आकारावर न जाता क्रमांक पाहून गाळणी घ्यावी.

तेल गाळणीतूनच येते, हे आधी निश्चित करावे. वरच्या झाकणातून किंवा दाबाच्या स्विचमधून पाझरलेले तेल ओघळत गाळणीवर येते आणि दोष तिच्या माथी बसतो. थंड इंजिनाची ती बाजू रॉकेलच्या चिंधीने पुसून पूर्ण कोरडी करावी, खडूची भुकटी लावावी आणि इंजिन मंद चालवावे. पंखा व पट्ट्यापासून हात आणि धोतर दूर असावे. भुकटी जेथे प्रथम ओली होईल, तेथे उगम. ट्रॅक्टरवर मळणीचा भुसा जेथे दाट चिकटतो, ती जागाही हेच सांगते. गॅस्केट नवे व नीट बसविलेले असूनही बाहेर ढकलले जात असेल, तर दाब नियंत्रित करणारी झडप अडकली असण्याचा संभव आहे. ते काम कर्मशाळेचे.

नवी गाळणी बसविल्यावर तांबडा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दोन-तीन मिनिटांनी इंजिन बंद करून, सपाट जागी थोडे थांबून, पट्टीवर तेलाची पातळी पाहावी. वाटेत दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ, असा विचार न करता इंजिन तेथेच बंद करावे. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर तेल ठिबकत असेल तर आगीचेही भय असते.

काढलेले तेल व गाळणी बांधावर किंवा विहिरीजवळ टाकू नये. वडाळ्याच्या बाजूला मिठागरांच्या जमिनी व खारफुटी आहेत. पावसाळ्यात तळावरचे तेल पाण्याबरोबर अशाच सखल जागी उतरते. गावात ते विहिरीत उतरेल. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल येते. ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक संकलकाकडे द्यावे. एका शेतकऱ्याजवळ थोडेच तेल निघते. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावच्या ट्रॅक्टरमालकांचे तेल एका पिंपात जमवून एकत्र पाठविण्याची व्यवस्था करावी.