मोबाइल काढून घेतला, पुढं काय?

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, कुणी जिवाचं बरंवाईट केलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मोबाइलनं नासवलं.’ मग उपायही ठरलेला, मोबाइल काढून घ्या. पंचेचाळिशीतल्या घरकर्त्याचा मोबाइल काढून घेणार कोण, हे कुणी सांगत नाही.

‘लातूर पॅटर्न’च्या मुलखात काळजी शिकवणीच्या पोरांपुरतीच असते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यात अठराखालचे शंभरात सहा. बाकी सगळी मोठी माणसं.

मोठ्यांच्या बाबतीत नेट कितपत कारण? ब्रिस्टल विद्यापीठाच्या लुसी बिडल आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेऊन रुग्णालयात आलेल्यांची पाहणी केली (२०१८). त्या प्रसंगाआधी नेटवर त्याविषयी काही पाहिलेले प्रौढ निघाले ८.४ टक्के. उरलेल्या नव्वदांचं खापर कुणावर फोडणार? मात्र ज्यांनी पाहिलं होतं, त्यांच्यात मरणाचा इरादा जास्त पक्का आढळला. घातक मजकूर नेटवर आहे, ते नाकारत नाही. पण ‘सर्च’ बहुतेकदा आधीच पेटलेल्या आगीचा धूर असतो.

म्हणून नवऱ्याच्या मोबाइलवर तसं काही दिसलं, तर मोबाइल फडताळात कोंडून भागत नाही. शेजारी बसायचं आणि सरळ विचारायचं, ‘अहो, जीव द्यावा वाटतोय का?’ इथं सगळे दचकतात: विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल! नाही शिरत. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ साली आधीचे अभ्यास एकत्र तपासले. विचारल्यानं विचार वाढल्याचं कुठं दिसलं नाही, उलट काहींचा ताण कमी झाला. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या.

‘बोलून दाखवणारा करत नाही’ म्हणे. करतो, अनेकांनी आधी बोलून दाखवलेलं असतं.

‘दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होऊन शिक्षा लागते’ ही भीती जुनी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतं. शिक्षा नाही, उपचार देणं सरकारचं काम.

आणि ‘हेल्पलाइनवाले इंग्रजी झाडतात’ हेही खोटं. टेलिमानस, १४४१६: ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, रात्री अडीचलासुद्धा. मराठी निवडा, मराठीत बोलतात.