राउटरच्या सेटिंगला हात लावण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात मी जबलपूरला राइट टाउनमध्ये मावशीकडे गेले होते. वायफाय हळू चालतंय म्हणून तिच्या नातवाने राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घातली आणि दहा सेकंद दाबून धरली. राउटर बंद होऊन परत चालू होईल, असं त्याला वाटलं. पण नेट गेलं ते गेलंच! रविवार असल्याने केबलवाला फोन उचलेना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या सुनेची ऑनलाइन मुलाखत होती.

जबलपूर तसं टेलिकॉमवाल्यांचं शहर. इथल्या भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्थेत देशभरातले कर्मचारी शिकायला येतात. पण घरातल्या त्या छोट्या डबीबद्दल आपल्याला कोण शिकवणार? म्हणूनच या काही गोष्टी लक्षात ठेवा.

आधी फोटो, मग बदल

राउटर नुसता बंद-चालू करायचा असेल तर पॉवरचं बटण पुरेसं आहे. टाचणीचं बटण म्हणजे फॅक्टरी रीसेट. त्याने केबलवाल्याने भरलेला यूजर आयडी, पासवर्ड, व्हीलॅन नंबर सगळं पुसलं जातं. म्हणून काहीही बदलण्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बॅकअपची सोय असेल तर फाइलही जपून ठेवा.

हे मात्र नक्की बदला

वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड हे दोन वेगळे असतात. दुसरा बहुतेक घरांत 'अॅडमिन' असाच राहतो. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तेव्हा हा पासवर्ड आजच बदला. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवा. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वापरा.

अपडेट करताना घाई नको

सॉफ्टवेअर तुमच्याच मॉडेलचं आणि त्याच हार्डवेअर व्हर्जनचं हवं. ते कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. मॉडेलचं नाव राउटरखालच्या स्टिकरवर असतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. त्यामुळे तो इन्व्हर्टरवर घ्या आणि वायफायऐवजी लॅन केबलने कॉम्प्युटर जोडा. वादळी पावसाच्या संध्याकाळी तर हे काम काढूच नका.

इथे आपलं काही चालत नाही

टीव्हीसारख्या जाड केबलवर नेट येत असेल तर त्या मॉडेमचं सॉफ्टवेअर केबल कंपनीच पाठवते, ते आपल्याला बदलता येत नाही. अनेक कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच घरांत वाटून देतात. अशा वेळी घरचा कॅमेरा बाहेरून बघण्यासाठी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. स्टॅटिक आयपी मिळेल का, ते कंपनीला विचारा. दुसरा राउटर जोडायचा असेल तर तो अॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, नाहीतर दोघांचा गोंधळ होतो. मुलांसाठी लावलेलं पेरेंटल कंट्रोल घरच्या वायफायपुरतंच असतं. मुलाने मोबाइल डेटा चालू केला की ते संपलं! तिथे सेटिंगपेक्षा संवादच कामी येतो.

मावशीच्या सुनेने शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, गॅलरीत बसून मुलाखत दिली. दुपारी केबलवाला आला आणि त्याने पाच मिनिटांत आयडी भरला. तो आयडी आता मावशीच्या डायरीत आहे, गॅसच्या नंबराच्या खाली. तुमच्या घरी तो कुठे लिहिलाय?