मालवणची बेटे पाहायची तर आधी तिथी पाहा

आंबोली घाट उतरून सावंतवाडी, कुडाळमार्गे मालवण हा आपल्या बेळगावकर मंडळींचा नेहमीचा रस्ता. निघताना गाडी, खोली, जेवण सगळे ठरलेले असते. भरती-ओहोटीची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. तिथल्या बेटांचे वेळापत्रक तर तीच ठरवते.

कोकणात यासाठी जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. बँकेत आयुष्यभर व्याज काढलेल्या आम्हाला हे गणित फारच आवडले! अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून शेवटचा शब्द होडीवाल्याचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

या हिशेबाची खरी गरज पद्मगडाला पडते. किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्यामधला हा छोटा दुर्ग. ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो आणि दांडीच्या किनाऱ्यावरून घोटाभर, कुठे गुडघाभर पाण्यातून चालत जाता येते. पण पाणी वळले की तोच दांडा बघता बघता बुडतो. मुले बरोबर असतील तर पूर्ण ओहोटीच्या आधी निघावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे. फोटोसाठी रेंगाळू नये. स्थानिक माणूस सोबत घेतलेला बरा.

सिंधुदुर्गाला होडीनेच जावे लागते. कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी याची पायाभरणी केली. त्या वेळच्या पूजेची जागा, मोरयाचा धोंडा, मालवणच्या किनाऱ्यावर आहे. तो पाहिल्याशिवाय होडीत बसू नये असे आमचे मत. किल्ल्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा लपवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेले श्रीशिवराजेश्वर मंदिर आहे. आणि सर्वांत नवल म्हणजे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी: चहूकडे खारा समुद्र आणि आत गोडे पाणी! गुडघेदुखीच्या मंडळींनी अगदी ओहोटीची वेळ टाळावी, होडी खाली राहते आणि पायरी उंच पडते. लाइफ जॅकेट उकडते म्हणून काढू नये. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र आणि मधे माडांची अरुंद पट्टी. संगमाजवळच्या वाळूच्या उंचवट्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. नाव बेटाचे, पण भरतीला तिथे पाण्यातच उभे राहावे लागते. संगमावर ओढ जबरदस्त असते, पोहणाऱ्यानेसुद्धा तिथे उतरू नये.

वेंगुर्ला रॉक्सची खडकाळ बेटे दूर समुद्रात आहेत. तिथे दीपगृह आहे, गुहेत पाकोळ्यांची घरटी आहेत. ती किनाऱ्यावरूनच पाहावीत.

मालवणला परतल्यावर संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो. घ्यायचे नसले तरी उभे राहून ऐकावा. बोली एवढ्या झरझर चढतात की आमच्यासारख्या हिशेबी माणसालाही आकडा धरता येत नाही.