लोकर रंगवायची, तर आधी विहीर बघा

वऱ्हाडात नैसर्गिक रंगांची गोष्ट निघाली, की पहिलं बोट मेळघाटातल्या पळसाकडे जातं. होळीला पळसफुलं उकळून रंग करायची रीत जुनीच. पण होळीचा रंग आंघोळीत निघून गेलेलाच बरा. लोकरीवरचा मात्र टिकावा लागतो. पळस आणि हळद, दोन्ही रंग देखणे, पण उन्हात उडणारे. एखाद्या मेंढपाळ कुटुंबानं किंवा बचत गटानं लोकरीचं सूत रंगवून विकायचं ठरवलं, तर या दोघांच्या भरवशावर धंदा उभा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टिकणाऱ्या रंगांसाठी लांब जायला नको. डाळिंबाची साल, बाभळीची साल, मेळघाटातला हिरडा, या सगळ्यांत टॅनिन भरपूर. शिवाय बारतोंडी आहे, म्हणजे जुन्या रंगाऱ्यांची आल. तिच्या मुळांच्या सालीतून तांबडा रंग निघतो. मध्य प्रांत-वऱ्हाडाकडे एकेकाळी तिची खास लागवड होई. 1868 मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञांनी अलिझारिन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला. तो स्वस्तात बाजारात आल्यावर मुळं खणत बसणार कोण? आलीचा बाजार उठला.

मेंढीचंही आधी समजून घ्यावं. आपली दख्खनी मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो लोकर देते, तीही जाडीभरडी आणि बहुतेक काळी-करडी. काळ्यावर रंग चढत नाही. ती काळी म्हणूनच विकावी, घोंगडीला तिचाच मान. पांढरी मात्र कातरणीच्या दिवशीच वेगळी काढायची. एकदा सगळी एका पोत्यात गेली, की निवडत बसणं कोणाच्यानं होत नाही.

आता खरी गोम. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलाय. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं आणि अल्कधर्मी. कापूस असं पाणी सोसतो, लोकर नाही. अल्क तापलं की तिचा धागा कमजोर होतो. दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. रंग धाग्याला बांधून ठेवते ती तुरटी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली, की गाळ तळाशी बसतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. अल्कधर्मी पाण्यात तेच होतं: तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा साका होऊन तो भांड्याच्या तळाशी बसतो, लोकरीपर्यंत कमीच पोचतो. मग पहिल्याच धुण्यात रंग सुटतो आणि दोष बिचाऱ्या डाळिंबाला!

म्हणून पागोळ्यांचं पाणी साठवावं. कोरडी लडी 100 ग्रॅमची असेल, तर ती आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची. चोळायची नाही, पिळायची नाही. गरम पाण्यातून काढून एकदम थंडात टाकली, तर धागे एकमेकांत गुंतून त्यांचा नमदा होतो. मग 10 ते 15 ग्रॅम तुरटी विरघळवून त्या पाण्यात ओली लडी सोडायची. आच मंद. वाफा येऊ लागल्या तरी खळखळा उकळू द्यायचं नाही. तासाभरानं भांडं उतरवून लडी रात्रभर त्यातच राहू द्यायची. तिकडे लडीच्याच वजनाइतकी डाळिंबाची साल भिजत घालायची, सकाळी उकळून गाळायची आणि त्या काढ्यात लडी पुन्हा तासभर मंद आचेवर ठेवायची. मातकट पिवळा चढतो. चिमूटभर हिराकस टाकला, तर तोच रंग बघता बघता हिरवट करड्याकडे झुकतो. पण हिराकसाचा हात आखडताच हवा, जास्त झाला की लोकर ठिसूळ होते. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढई न विचारता आपला काळपटपणा मिसळते. वाळवायचं सावलीत.

अमरावतीजवळ पोहऱ्याला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. मेंढी एकीकडे, झाडं दुसरीकडे. दोघांनी मिळून खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावात प्रात्यक्षिक घ्यावं. एक लडी पावसाच्या पाण्यात रंगवावी, दुसरी त्याच गावच्या विहिरीच्या पाण्यात, आणि दोन्ही लोकांसमोर धुऊन दाखवाव्यात.