कार्डांवरचा स्त्री-इतिहास

३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती जवळ आली की शाळाशाळांतून पुस्तकांची प्रदर्शनं मांडली जातात. त्या निमित्तानं संपादकांनी मला तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात पाठवलं. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे इथल्या मुलींना पाठ आहे. पुढे शिकलेल्या बायकांनी काय लिहिलं, ते मात्र कपाटांत शोधावं लागतं.

दाखल नोंदवहीत रमाबाई रानडे यांचं १९१० सालचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 'न्या. रानडे : चरित्र' म्हणून चढलं आहे. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' निबंधांत. मुक्ता साळवेचा १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये आलेला निबंध एका जाडजूड ग्रंथाच्या पोटात; त्याची वेगळी नोंदच नाही. नोंदी चुकीच्या नाहीत. पण पुस्तकाला कपाटात जागा एकच मिळते, आणि तिथे बाई दिसतेच असं नाही.

ग्रंथपाल बाईंनी म्हणून 'स्त्रिया' या विषयाची वेगळी कार्डं लिहिली. पुस्तकाचा क्रमांक, नेमकी पानं, आणि खाली 'हेही पाहा'. मुक्ताच्या कार्डावरून वाट निघते ती ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला'कडे, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांकडे. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, रमाबाईंचं लग्न कितव्या वर्षी झालं?" बाईंनी उत्तर न देता कार्ड पुढे केलं. मुलीनं पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली. रमाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. सासरच्या बायकांचा रोष सोसत त्या शिकल्या.

हे सगळं किती दिवस टिकेल, याची मला काळजी वाटते. बाई अर्धवेळ आहेत. त्या नसल्या की कपाटांना कुलूप. पुस्तक हरवलं तर भरपाई द्यावी लागते, म्हणून दुसरं कोणी किल्ली घेत नाही. संगणकात नोंदी चढवल्या, तेव्हा शीर्षक, लेखक आणि किंमत एवढेच रकाने होते. 'हेही पाहा' कार्डांवरच राहिलं. १८८२ साली छापलेलं ताराबाईंचं पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. छापलेलं पुस्तकही कोणी दाखवलं नाही तर हरवतं. प्रदर्शन एका दिवसाचं असतं. ग्रंथपालाचं पद पूर्णवेळ करणं आणि संगणकात विषयाचा रकाना वाढवणं, ही वर्षभराची कामं आहेत. जयंती साजरी करणाऱ्यांनी आधी ती करावीत.