सिंह आणि वाघ

पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या किल्ल्यास आपण सिंहगड म्हणतों, पण त्याच्या रानांत सिंह नाहीं. जुन्नरच्या उसांत लोक ज्यास 'वाघ' म्हणतात, तो बहुधा ठिपकेदार बिबट्या असतो. नांवांचा हा घोटाळा पाहून सिंह व वाघ यांतील भेद येथें थोडक्यांत सांगावा, असें आम्हांस वाटलें.

हे दोन्ही प्राणी मार्जारकुळांतील. कातडें काढल्यावर निव्वळ हाडांवरून त्यांस ओळखणें जाणत्यासही कठीण जातें. बाह्य रूप मात्र अगदीं निराळें. सिंहाचा रंग वाळलेल्या गवतासारखा. नरास आयाळ, शेपटीच्या टोंकास काळा गोंडा. वाघाच्या तांबूस-पिवळ्या अंगावर काळे पट्टे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणूनच छायाचित्रांवरून त्यांची गणना करितां येते.

स्वभावांतील भेद याहून मोठा. सिंह उघड्या माळरानांत व विरळ झाडींत कळप करून राहतो. वाघ एकलकोंडा, दाट झाडींतील ऊन-सावलींत त्याचे पट्टे मिसळून जातात, आणि उन्हाळ्यांत तो पाण्यांत तासन्‌तास बसतो.

'दोहोंत बलवान कोण?' असें मुलें आम्हांस नेहमीं विचारतात. पेशव्यांच्या शिकारखान्यांत सिंह व वाघ दोन्ही होते. पण आज हिंदुस्थानच्या रानांत त्यांची गांठ पडत नाहीं. दोघांचाही खरा वैरी मनुष्यच. एके काळीं उत्तर व मध्य हिंदुस्थानांत हिंडणारा सिंह शिकारीमुळें केवळ काठेवाडांतील गीर व त्याच्या आसपास उरला. 2025 सालच्या गणनेंत तेथें 891 सिंह आढळले. संख्या वाढली खरी. पण सर्व एकाच प्रांतीं असल्यानें सांथीचें भय मोठें. 2018 सालीं कुत्र्यांत आढळणाऱ्या एका रोगानें तेथें अनेक सिंह दगावले. वाघ मात्र अनेक प्रांतांत विखुरलेला आहे. 2022 सालच्या अंदाजाप्रमाणें महाराष्ट्रांत 444 वाघ होते, त्यांपैकीं पुष्कळ ताडोबाच्या बाजूस.

मेंढरें राखतांना दावीदानें सिंह मारिला, ही कथा आपण वाचतों. त्या पॅलेस्टाइन देशांत आज एकही रानटी सिंह नाहीं. तेथें सिंह केवळ ग्रंथांत उरला. निर्मात्यानें आपल्या स्वाधीन केलेल्या या दोन जीवांची तशी गति होऊं न देणें, हें आपलें कर्तव्य होय.